शेजारच्या कुंडीतली शतावरी

सुमनताईंच्या गॅलरीत शतावरीला नवा कोंब आलाय, आणि मी शेजारधर्म म्हणून आनंद दाखवते आहे.

बिया आम्ही दोघींनी एकाच वेलाच्या लाल फळांतून घेतल्या होत्या. मी त्या भिजवल्या, चाळलेल्या मातीत पेरल्या आणि रुजल्या का म्हणून रोज काडीने उकरून पाहिल्या. सुमनताईंनी कुंडीत टाकल्या आणि विसरल्या. उगवलं ते त्यांच्याकडेच. पुढे ती हिरव्या पिसांसारखी गजांवर चढली आणि मला बघवेना. औषधी म्हणे! माझं दुखणं तर तिच्यामुळेच सुरू झालं.

मे महिन्यात त्या लेकीकडे गेल्या. किल्ली देताना म्हणाल्या, "तेवढं शतावरीला पाणी घालाल ना?" मी बाकीच्या सगळ्या कुंड्यांना घातलं. ती वाळून काडी झाली, तेव्हा मला चक्क हलकं वाटलं. ती मुळांत पाणी साठवून ठेवते, हे मला कुठे ठाऊक होतं!

आता सुमनताई माझा हात धरून म्हणतायत, "तुम्ही पाणी घातलंत म्हणून वाचली हो!"

"अहो, त्यात काय," मी म्हणाले. तेवढं मात्र मला सहज जमलं.