घरात नाव काढायचं नाय

मुंबईची नोकरी सोडून मी वरंधजवळच्या आमच्या वाडीत डुकरं पाळायला घेतली, तेव्हा भावकीने नाकं मुरडली. आई तर दोन दिवस जेवली नाही. मग तिने एकच अट घातली, "पाळ काय पाळायचं ते. पण घरात त्येंचं नाव काढायचं नाय." मी हो म्हणालो. माझ्या बापाचं काय जात होतं!

यंदाचा उन्हाळा माद्यांना बाधला. पाऊस लागला, श्रावण आला, तरी एकही माजावर येईना. महाडचे डॉक्टर म्हणाले, उन्हाच्या तडाख्यानंतर होतं असं, थोडी वाट बघा. वाट कसली बघता? बायको दोन पोरींना घेऊन मुंबईतच राहिलेली आणि तिचं म्हणणं साफ होतं. दिवाळीपर्यंत एक तरी गाभण दिसली नाही, तर शेड मोडून परत यायचं. खाद्य परवडेना म्हणून दोन माद्या कसायाला दिल्या. एक मादी आणि नर उरला.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला सगळी वाडी नदीवर गेली. गुडघे धरलेत म्हणून आई एकटीच घरी. मी परतलो तेव्हा ती न्हाणीतून ओले केस पिळत बाहेर येत होती. सणाच्या दिवशी दुसऱ्यांदा अंघोळ का, एवढंही मला विचारावंसं वाटलं नाही. तीच म्हणाली, "आरं, तुझा त्यो नर आज..."

मला चेव आला. "सणासुदीला घरात नाव? अट कोणाची होती गं?"

ती केस पुसत आत निघून गेली. तिची बरी जिरवली म्हणून मी खूश होतो, मूर्ख!

पितृपक्ष गेला, घट बसले, तरी मादी थंडच. शेवटी डॉक्टरांना घेऊन आलो. हार्मोनचं इंजेक्शन भरता भरता त्यांनी विचारलं, "नर लागला नाही ना? गाभण असेल तर याने सगळं पडेल."

"छे हो! नर कडीबंद असतो."

त्यांनी कानामागे सुई टोचली. चार-पाच दिवसांत माजावर येईल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ती कण्हायला लागली. पेंढ्यात अंगठ्याएवढे जीव पडत गेले, पाय नुकते फुटलेले, डोळ्यांच्या जागी ठिपके. मी एकेक वेचून बाजूला ठेवत गेलो. रडूही येईना.

आई काठी टेकत शेडच्या दारात आली. म्हणाली, "इसर्जनाच्या दिशी नरानं कडी काढलीन् आणि हिच्यावर चढला. मीच काठीनं परत कोंडला."

"मग सांगितलं का नाहीस, आये?"

"तू सांगू दिलंस?"

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. पेंढ्याकडे बघत तिने विचारलं,

"किती व्हती रे?"

"नाय मोजली," मी म्हणालो.

अकरा होती.