किनवटच्या जंगलातलं इमान

आधीच सांगून टाकतो, या ग्रुपवर लोकांच्या अनुभवांखाली हसण्याच्या स्मायली टाकणारा तो आगाऊ माणूस मीच. आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे, उतारे, लिंबू-मिरची हे सगळं आजोबांनी घराबाहेर काढलं ते कायमचं. मी नांदेडला हायस्कूलवर विज्ञान शिकवतो, आणि ‘सर, भूत असतं का?’ असं विचारणाऱ्या पोराची भर वर्गात चंपी करतो. तेव्हा खाली जे लिहितोय ते हौस म्हणून नाही. मला एक निर्णय घ्यायचाय आणि तो एकट्याला झेपत नाहीये.

आमची मुलगी मैत्री, दुसरीत आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. उजवा कान पूर्ण गेलेला, डाव्यात थोडं शिल्लक. त्या कानात मशीन घातली तर आवाज पोचतो. काढली की शेजारी डीजे लावा, तिला पत्ता नसतो. माझी बायको प्रज्ञा तिला वर्षानुवर्षं स्पीच थेरपीला घेऊन बसली, तेव्हा कुठं पोरगी ‘बाबा, पाणी दे’ एवढं सलग बोलायला लागली. ही मुकीच राहते की काय, ही धास्ती आम्ही इतकी वर्षं पोटात घेऊन जगलो. थेरपीवाल्या मॅडमनी बजावलं होतं, एकच भाषा ठेवा. म्हणून तिच्याशी आम्ही साधं ‘थँक यू’ पण बोलत नाही. हे लक्षात ठेवा.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला प्रज्ञाच्या मामांकडे लग्न होतं. किनवटच्या पुढे, जंगलाला अगदी चिकटून गाव आहे. नाव देत नाही, नाहीतर उद्या लोक रील काढायला पोचतील. हळदीच्या दिवशी सकाळी घरात नुसता गोंधळ. इतक्या आवाजानं मैत्रीचं डोकं दुखतं, म्हणून म्हटलं हिला जरा मोहाची फुलं वेचायला नेतो. निघताना शेषराव मामा — म्हणजे प्रज्ञाचे मामा, वधूपिता — मांडवाच्या दारात भेटले.

“लेकराला घेऊन चाललात? पर इमानाकडं जाऊ नका जावाई. लई खराब हाय तिकडं.”

मला वाटलं, इमान म्हणजे प्रामाणिकपणावालं इमान. असेल एखादं शपथा घ्यायचं ठिकाण, खोटं बोललं की कोप करणारं. मी म्हणालो, “मामा, आम्ही इमानानंच राहतो. आमचं काय वाकडं व्हायचं?”

मांडवातले चार लोक हसले. मामा हसले नाहीत. “तसं न्हाई ओ...” असं काहीतरी सुरू केलं त्यांनी, तेवढ्यात आचाऱ्यानं तेलाचा डबा कुठंय म्हणून हाक मारली आणि ते तिकडं गेले. मी आपल्याच विनोदावर खूश होऊन निघालो. मला आजही त्या विनोदाची शिसारी येते.

गावामागून पायवाट वर जाते. सागाची पानं सगळी गळलेली, खाली पाचोळ्याचा थर, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. वर सपाट माळ आहे, त्यावर मोहाची दोन-तीन मोठी झाडं. माळाच्या पलीकडच्या अंगाला सरळ दरी. ती मी बघितली होती, म्हणून मैत्रीला अलीकडच्या झाडाखालीच बसवलं. ऊन चांगलं वर आलं होतं, लख्ख उजेड होता. भुताटकीचं वातावरण वगैरे काहीही नव्हतं.

फुलं वेचता वेचता ती थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, “कोण बोलतंय?”

मी खाणाखुणा करून सांगितलं, कोणी नाही. तिनं मान हलवली. मशीनवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, “लेफ्ट.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती पुन्हा म्हणाली, “लेफ्ट, लेफ्ट,” आणि उठून डावीकडे चालायला लागली. आता तुम्ही म्हणाल, शाळेच्या कवायतीत ऐकलं असेल. तिची शाळा कर्णबधिरांची, तिथं कवायत हाताच्या इशाऱ्यावर होते. पोरीला ‘डावा-उजवा’सुद्धा अजून नीट येत नव्हतं. आणि आवाज... तो तिचा लाडाचा, तुटक आवाज नव्हता. सपाट, शांत. मोठ्या माणसानं काम करता करता बोलावं तसा.

“राईट,” ती म्हणाली, आणि थोडी उजवीकडे वळली. “स्टेडी.”

ती दरीकडे चालली होती. पळत नव्हती. सरळ रेषेत, काटा-झुडूप न बघता, मान थोडी वर. मी धावलो. पाचोळ्यावरून पाय घसरला आणि सपाटून आपटलो, गुडघा फुटला. उठतोय तर समोरच्या बोरीच्या झुडपात तिची मशीन अडकलेली. काट्यानं कानातून ओढली गेली असणार. मी ती मुठीत घेतली आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, “मैत्री, थांब!”

ओरडल्यावर कळलं की मूर्खपणा आहे. मशीन माझ्या हातात होती. तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

आणि तरी ती बोलत होती. “लेफ्ट, लेफ्ट.” डावीकडे वळत होती. मशीन माझ्या मुठीत, आणि माझी पोर कुणाचं तरी ऐकून पावलं टाकत होती. मी, खरं सांगतो, शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा राहिलो.

मागून मामांचा आवाज आला. धापा टाकत ते वर आले होते. त्यांचं ‘इमान’ मला समजलंच नाही हे नंतर त्यांच्या ध्यानात आलं, म्हणून हळदीचं घर सोडून मागं पळत आले. ते आभाळाकडं तोंड करून ओरडत होते, “उतरलं! इमान उतरलं!” मग माझ्याकडे बघून, “जावाई, म्हणा, उतरलं म्हणा! तिला न्हाई, वर सांगा!”

मी म्हणालो. विज्ञानाचा शिक्षक, भर उन्हात, रिकाम्या आभाळाला बोंबलून सांगत होतो, “उतरलं! उतरलं!” घसा फाटेस्तोवर.

मैत्री थांबली. पुढं फार तर दोन हात जमीन असेल. मी तिला उचललं, तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलेलं, आणि फ्रॉकला रॉकेल जळाल्यासारखा वास. मामांनाही तो आला. घरी येईपर्यंत तिनं माझ्या खांद्यावरून मान उचलली नाही.

मामांनी नंतर सांगितलं ते असं. आपल्याकडे जुनी माणसं विमानाला इमान म्हणतात. माझी आजीसुद्धा म्हणायची, पण ऐनवेळी डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ. निजामाच्या काळात, मोठी लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध चालू असताना, इंग्रजांचं एक बॉम्ब टाकायचं विमान या माळावर फिरत राहिलं होतं. मामांचे वडील तेव्हा गुरं राखायचे. आभाळ भरून आलेलं, खालचं काही दिसत नसणार. दिवसभर घरघर येत राहिली, गावातले लोक अंगणात उभं राहून “उतर की बाबा, उतर” म्हणत होते. शेवटी ते दरीत गेलं. गोऱ्या शिपायांनी येऊन आतली मेलेली माणसं नेली, उरलेला पत्रा गावानं नेला, त्याची भांडी झाली. आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, म्हणून कित्येक जण अजून त्याला जर्मनचं इमान म्हणतात.

“त्याहिला अजून ठावं न्हाई,” मामा म्हणाले, “की पडलंय म्हणून. फिरूनच राहिलेत. म्हणून सांगावं लागतं.”

नांदेडला आल्यावर मी वाचत बसलो. त्या काळातली अशी कितीतरी विमानं शत्रूच्या गोळ्यांनी नाही, तर खराब हवेनं, वाट चुकून, इंजिन बंद पडून गेलेली आहेत. आणखी एक सापडलं. बॉम्ब टाकणारा माणूस पायलटला दिशा सांगायचा तेव्हा ‘राईट’ एकदा म्हणायचा आणि ‘लेफ्ट’ दोनदा. इंजिनांच्या आवाजात घोटाळा नको म्हणून. हे वाचलं आणि मी मोबाईल उपडा ठेवला.

त्यानंतर मैत्री मशीन घालेना. नुसती दाखवली तरी कोपऱ्यात जाऊन बसायची. महिन्याभरात तिचं बोलणं ओसरायला लागलं. ‘पाणी दे’चं नुसतं ‘पा’ झालं. प्रज्ञा रात्र-रात्र रडायची. डॉक्टरांनी मशीन तपासली, एकदम ठणठणीत. एखाद्या रेडिओचा सिग्नल पकडला असेल, म्हणाले. पकडला असेल. पण मशीन झुडपात अडकल्यावर तिला काय ऐकू आलं?

शेवटी मी एक तोडगा काढला. मशीन तपासायला डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी एक नळी मिळते. रोज सकाळी मैत्रीसमोर मी ती मशीनला जोडून कानाला लावतो, नीट ऐकतो आणि हात हलवून सांगतो, कोणी नाही. मग ती कान पुढं करते. हळूहळू पोरगी सावरली. आता तर इतकी बडबडते की प्रज्ञा म्हणते, जरा गप बस बाई.

परवा सकाळी मी नेहमीसारखी नळी लावली. पंख्याचा आवाज, शेजाऱ्यांचा मिक्सर. आणि त्याच्या मागं एक संथ घरघर... आणि थकलेला, अगदी सभ्य असा पुरुषाचा आवाज. लेफ्ट, लेफ्ट.

मैत्री माझ्या तोंडाकडं बघत होती. ऐकू न येणारी पोरं चेहरा वाचतात, आपल्यापेक्षा शंभरपट चांगला. मी चेहरा हलू दिला नाही. हात हलवला. कोणी नाही. ती जरा वेळ बघत राहिली आणि मग कान पुढं केला, आणि मी मशीन घातली.

तिला काही झालं नाही. शाळेतून हसत आली. काल आणि आजही मी तेच सांगितलं, आणि दोन्ही दिवस तो आवाज होता. बाथरूममध्ये नळ सोडून मी ‘उतरलं, उतरलं’ म्हणून बघितलं. इथं नांदेडला त्याचा उपयोग होत नाहीये. प्रज्ञाला अजून बोललो नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आता मला ते नकोही आहे. मशीन बंद केली तर पोरीची भाषा जाते. चालू ठेवली तर तिच्या कानात तो रोज बोलतो. आणि माळावर तर मशीन नसतानाही तिला ऐकू येत होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, बाल्कनीला जाळी बसवणारा रविवारी येतो म्हणालाय. उद्या सकाळी ती पुन्हा कान पुढं करेल. कुणाला काही माहीत असेल तर सांगा, मी काय करू?