शेंडीवाला, घारा आणि ताईचे दीर

ताईच्या धाकट्या दिरांइतका अस्वस्थ माणूस नाशकात दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर त्या दोघांची गाठ पडली नाही हे शहराचं नशीब. त्यांना बसणं म्हणून माहीत नव्हतं. सिन्नरहून येताना रिकाम्या एसटीत ते दांड्याला धरून उभे राहत, आणि कंडक्टरने बसायला सांगितलं की त्यालाच विचारत, गाडी चाललीय ना, मग मी कशाला थांबू? जेवण ओट्याशी, उभ्याने. लग्नाच्या पंगतीत त्यांना कुणी धरून बसवलंच, तर मठ्ठा वाढेपर्यंत ते दोनदा उठून कुणाच्या तरी गुडघ्यांची चौकशी करून येत. माझ्या साखरपुड्याच्या एकाही फोटोत ते धड आलेले नाहीत. कडेला एक पांढरा शर्ट हललेला दिसतो, ते ताईचे दीर.

ते कालव्याच्या ऑफिसात कारकून होते. लग्नाचं राहून गेलं होतं आणि सिडकोत थोरल्या भावाकडे, म्हणजे माझ्या ताईकडे राहत होते. माझी भाची तेव्हा सहावीत होती. नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि केबलवर लहान मुलांचं एक चॅनेल आलं होतं. त्यावर रोज साडेपाचला एक जपानी कार्टून लागायचं, हिंदीत बोलणारं. त्यातली माणसं एकमेकांना मारत, मारता मारता आपलं बालपण सांगत आणि सांगून झालं की पुन्हा मारत. एका संध्याकाळी दीर ऑफिसातून आले आणि भाचीला रागवावं म्हणून जेवणाचा डबा हातात तसाच घेऊन तिच्या मागे उभे राहिले. रागवायचं राहून गेलं. पुढची काही वर्षं ते तिथेच उभे होते असं म्हटलं तरी चालेल.

जपानी नावं कुणाच्याच तोंडात बसत नव्हती, म्हणून घरात दोघांचीच नावं चालत: शेंडीवाला आणि घारा. शेंडीवाला कष्टाळू, पहाटे उठून व्यायाम करणारा, परातभर भात खाणारा. घारा घुम्या, गाव सोडून गेलेला, कुणाशी धड बोलेल तर शपथ. दीर शेंडीवाल्याचे आणि भाची घाऱ्याची. दोघांत जास्त ताकद कुणाची, यावर रोज सहाला जी सुरुवात व्हायची ती कुकरच्या शिट्ट्यांनाही आवरायची नाही. यात दिरांनी स्वतःची मोजपट्टी काढली होती. गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं यावरूनच आपण पूर मोजतो. दीर माणसंही तशीच मोजत. अमका लढवय्या मारुतीच्या घोट्यापर्यंत, तमका कमरेपर्यंत, आणि शेंडीवाला रागावला तर गळ्यापर्यंत. एकदा त्यांनी माझ्या सासऱ्यांनाही, त्यांच्या तोंडावरच, "तुम्ही गुडघ्यापर्यंत" असं सांगितलं. सासऱ्यांना वाटलं, गुडघेदुखीला काही औषध सांगताहेत.

पण ताकदीपेक्षा त्यांना सुसंगतीचं वेड होतं. पाणी कालच्यापेक्षा आज कमी असेल तर त्याला कारण हवं, असं त्यांचं म्हणणं. वर पाऊस थांबला, धरणाचे दरवाजे बंद केले, काहीतरी झालेलं असतं. कार्टूनवाल्यांना मात्र कारणाचं काही सोयरसुतक नव्हतं. ज्या शेंडीवाल्याने आदल्या आठवड्यात डोंगराला भोक पाडलं, तोच एका तुरुंगात अडकला आणि साधं लोखंडी दार त्याला फुटेना. दिरांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठ्या साहेबांपुढे पाणी सोडण्याबद्दल बैठक चालू होती. साहेबांनी सहज विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? दीर तंद्रीत म्हणाले, "साहेब, जोर तेवढाच आहे, मग दार का हलत नाही?" साहेबांनी ते मनावर घेतलं. दुपारी जीप निघाली आणि सगळा कालवा पालथा घालून झाला. शेवटी एका दाराच्या स्क्रूला खरंच ग्रीस नव्हतं. दिरांना शाबासकी मिळाली. त्याचं त्यांना काहीच नव्हतं, कारण शेंडीवाला अजून आतच होता.

या वादात तिसरा माणूस होता केबलवाला. मूळचा निफाडकडचा, पंचविशीतला, तार दुरुस्त करायला म्हणून यायचा आणि दारातच खांबासारखा उभा राहून भांडायचा. कॉलनीतल्या बाकी घरांचे टीव्ही तोवर मुंग्या दाखवत असत. तो घाऱ्याच्या बाजूचा. "काका, घारा लय भारी हाय. मनावर घेत नाय, म्हणून तुमचा शेंडीवाला मोठा दिसतो," हे त्याचं एकच म्हणणं, आणि ते तो अशा शांतपणे मांडायचा की दीर दाराशी दोन हातांच्या जागेत येरझारा घालू लागत. ताईला या दोघांच्या मधून दूध घ्यायला वाट काढावी लागे.

मग मालिका शेवटच्या लढाईला आली, आणि नेमकी तेव्हाच भाचीला कावीळ झाली. शाळा बंद, मैत्रिणी बंद, मीठ-तेल बंद. मऊ भात, ताक आणि पडून राहणं. पोरगी दिवसभर गप्प पडलेली असे, फक्त साडेपाचला तिच्या पिवळ्या डोळ्यांत थोडं काहीतरी हलायचं. तेवढ्या वेळात ताई तिच्या तोंडात चार घास घालून घ्यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल. अशा दिवसांत एका दुपारी केबलवाला आला आणि जाता जाता म्हणाला, बघा आता, घारा तुमच्या शेंडीवाल्याला लोळवतो. दिरांचा तोल गेला. ते म्हणाले, "निफाडच्या माणसाने पुरातलं काय सांगावं? तुमच्याकडे नदी येते ती आमच्याकडे मोजून झालेली." त्या पोराचा चेहरा पडला. तार गुंडाळून तो खाली गेला, आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्या चॅनेलच्या जागी एक गृहस्थ ग्रहांचे खडे विकत होता.

भाचीने भिंतीकडे तोंड केलं आणि भाताकडे बघितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ताईने समजावलं, दाजी रागावले, मी मामा म्हणून उसाचा रस घेऊन गेलो, तोही तसाच राहिला. दीर खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत एवढे फिरले की ताई म्हणाली, भाऊजी, मला चक्कर येतेय. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि मला म्हणाले, "पाहुणे, चला माझ्याबरोबर. मला एकट्याला जमायचं नाही."

केबलवाल्याची खोली पलीकडच्या बिल्डिंगच्या गच्चीवर होती. तो तारांच्या गुंत्यात मांडी घालून बसला होता. दीर दारात उभे राहिले. ज्या माणसाने आयुष्यात दिलेला शब्द आणि मांडलेलं मत कधी मागे घेतलं नव्हतं, तो घसा खाकरून म्हणाला, "माझं चुकलं. घाराच जास्त ताकदवान आहे." केबलवाल्याने वर बघितलं. मनापासून म्हणताय का, असं त्याने विचारलं. दिरांच्या कपाळावर घाम आला. "मनापासून नाही," ते म्हणाले, "पण म्हणतोय."

केबलवाला उठला आणि त्याने त्यांना एक काळपट डबा दाखवला. वीज पडून त्या चॅनेलचा सिग्नल पकडणारा डबा जळाला होता. दुसरा मुंबईहून यायचा होता, पंधरा-वीस दिवस तरी सहज. "मी काय रागापायी आजारी पोरीचा टीव्ही बंद करीन व्हय, काका?" तो म्हणाला. दिरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

भाग संपायची वेळ होऊ देऊन, साडेसहाला आम्ही घरी पोचलो. दीर थेट पलंग आणि बंद टीव्ही यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले आणि भाचीच्या पाठीला म्हणाले, आज साहेबांच्या केबिनमध्ये टीव्ही लावला होता, आजचा भाग मी बघून आलोय. पाठ हलली. साहेब कार्टून बघतात का, असा तिने भिंतीलाच प्रश्न केला. साहेबांनाच हवं होतं, दीर म्हणाले, आणि सुरू झाले. उशी, लाटणं, ताईची केरसुणी, जे हाताला लागेल ते घेऊन ते स्वतःच शेंडीवाला झाले, स्वतःच घारा झाले, मध्येच डोंगर होऊन कोसळले. खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले. भाची कुशीवर वळली, मग उशीला टेकून बसली. आणि मग तिने तोच प्रश्न टाकला, ज्याने त्यांनी सगळ्या घराला पिडलं होतं. "काका, घारा काल कमरेपर्यंत होता. आज गळ्यापर्यंत कसा?"

दीर हवेत हात धरून थबकले. त्यांनी ताईच्या हातातल्या ताटलीकडे बघितलं. "काल तो उपाशी होता," ते म्हणाले. "आज भात खाल्ला." भाचीने थोडा वेळ विचार केला आणि ताटली मागून घेतली. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

ती लढाई पुढे कितीतरी संध्याकाळी चालली. केबलवाला काम टाकून दारात येऊन बसे. त्याला सगळं ठाऊक होतं, पण त्याने कधी पापणीही हलू दिली नाही. शेवटच्या दिवशी घारा जिंकला. शेंडीवाला खाली पडला आणि पडल्या पडल्या त्याने घाऱ्याला हात दिला, हे सांगताना दिरांचा आवाज फुटला आणि ते तडक गॅलरीत निघून गेले. भाची हसत होती आणि तिच्या डोळ्यांचं पिवळेपण बरंच उतरलं होतं. "मी म्हणत नव्हतो का," केबलवाला म्हणाला. नवा डबा आला तोवर मालिका संपून पुन्हा पहिल्या भागापासून लागली होती.

भाची पुढे पुण्याला इंजिनीअरिंगला गेली. तिथे एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर ती मालिका सगळीच्या सगळी होती. एका रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी ताईकडेच होतो. फोन दिरांनी घेतला, आणि तिचा आवाज मला बाजूला बसूनही ऐकू येत होता. तिने शेवट पाहिला होता. शेंडीवाला जिंकला होता, अगदी सरळ, घाऱ्याला उठताही आलं नव्हतं. "काका, तुमचंच बरोबर होतं," ती म्हणाली.

हे ऐकायला ते किती वर्षं थांबले असतील ते मला माहीत होतं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "छे, काहीतरी चुकीचं दाखवलंय त्यांनी. नंतर बदललं असेल. मी साहेबांच्या केबिनमध्ये स्वतः बघितलंय. घाराच जिंकला."

मग ती म्हणाली, हो काका, घाराच. आणि तुम्ही जेवलात का, असं विचारून तिने फोन ठेवला. दिरांनी रिसीव्हर पुन्हा पुन्हा नीट करून ठेवला आणि मला म्हणाले, पोरीची तब्येत चांगली वाटतेय आवाजावरून. मी तिचा सख्खा मामा आहे, माझाही तिच्यावर फार जीव आहे. पण जे आयुष्यभर खरं मानलं आणि शेवटी खरंही निघालं, ते मी तिच्यासाठी असं सहज सोडून दिलं असतं का, हे मला अजून सांगता येत नाही.