कोपराची उंची

सुताराची बायको बहिणीकडे निघून गेली, त्याला तीन महिने झाले. जाताना एवढंच म्हणाली, "लोकांची स्वयंपाकघरं सजवता, माझ्या कोंदट खुराड्याकडे कधी बघितलंत?" गल्लीने त्यात आपापलं तिखटमीठ घातलं, ते सोडा.

सुतार इरेला पेटला. टीचभर जागेत त्याने नवा लाकडी ओटा उभारला, खाली सरकते कप्पे बसवले, भिंतीत मिटणारं टेबल केलं, वर निळसर सनमायका लावला. मग बायकोला निरोप धाडला.

ती आली, पण खांद्यावरची पिशवी काही उतरवली नाही. कप्पे ओढून बघताना मात्र ती हसली, असं समोरची शिंपीण शपथेवर सांगते. सुताराचा जीव भांड्यात पडला.

मग ती कांदा चिरायला उभी राहिली, तर ओटा थेट छातीला लागला आणि खांदे कानांपर्यंत चढले.

"कुणाच्या मापाने केलंत हे?"

गिऱ्हाइकाच्या घरी बाईच्या कोपराचं माप घेतल्याशिवाय हा गडी करवत उचलत नसे. घरी बाई नव्हती, म्हणून ताडमाड स्वारी स्वतःच मापाला उभी राहिली होती.

"माझ्या," तो पुटपुटला. "कापून खाली घेतो. उभी राहा जरा, माप घेतो."

"वीस वर्षं इथेच उभी होते," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

सुताराने कानावरची पेन्सिल काढली. तिचं कोपर कुठवर येतं, ते आठवून त्याने भिंतीवर रेघ मारली. ती खोडली आणि खाली दुसरी मारली. मग दोन्हींच्या मध्ये तिसरी. चौथ्या रेघेला मात्र त्याचा हात उचलेना.