कुसुमताई आणि उष्टा पुतळा

फर्स्ट एडच्या पेटीतली प्लास्टर्स संपत जातात आणि किस्से मात्र साठत जातात. लंडनमधल्या वेम्बलीजवळच्या आमच्या बाटल्यांच्या फॅक्टरीतले किस्से तर बहुतेक सगळे कुसुमताईंचे!

ऐंशीच्या दशकाचा शेवट. एक दिवसाचा साधा कोर्स पॅकिंगमधल्या सगळ्यांनीच केला होता. त्यापुढच्या कोर्सला कुसुमताई आणि मी. आमच्या शिफ्टला दुसरा फर्स्ट एडरच नव्हता.

"दोघंही पास होऊन या," फोरमन जिमने बजावलं. "मला या कँटीनमध्ये मरायचं नाहीये!"

* * *

कोर्सचा पहिला धडा: बेशुद्ध माणसाचे खांदे हलवून मोठ्याने हाक मारायची. कुसुमताई रबरी पुतळ्याशेजारी बसल्या, पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, "अहो... ऐकलंत का?"

मी शिकवणाऱ्या रॉजरला सांगितलं, की आमच्याकडे बायको नवऱ्याला अशीच हाक मारते.

"मग हा मुद्दाम उठत नाहीये!" रॉजर म्हणाला.

* * *

मग पुतळ्याला तोंडाने श्वास द्यायची वेळ आली. कुसुमताई मागे सरकल्या.

"सुधाकरराव, माझ्याआधी दहाजणांनी याला तोंड लावलंय. उष्टा आहे हो हा!"

"ताई, प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसतात."

"पुसलं म्हणून उष्ट्याचं उष्टं राहत नाही का?"

पण श्वास दिल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. जिमला कळलं तेव्हा तो वैतागला. "उद्या मी पडलो तर काय करशील, कुसुम?"

"आधी तुमचं तोंड धुईन!"

* * *

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर ट्रेनिंग रूमच्या दाराशी कुसुमताई एकट्याच उभ्या. पुतळा खोक्यातून बाहेर आल्या आल्या, कोणाचंही तोंड लागायच्या आत, त्यांनी श्वास दिला. छाती अशी वर आली, की रॉजरने इतरांना बोलावून दाखवली. त्या पास!

* * *

नवं सर्टिफिकेट आधी घरी वापरलं गेलं. नवऱ्याचं, मधुकररावांचं, बोट कापलं. "हात खाली आणायचा नाही," ताईंनी बजावलं. ते तसेच महाराष्ट्र मंडळाच्या सभेला गेले. "यंदा सेक्रेटरी कोण होणार?" असं विचारलं गेलं तेव्हा एकच हात वर होता.

पुढची तीन वर्षं तेच सेक्रेटरी.

* * *

आणि मग तो हिवाळा. टी ब्रेकला बिस्कीट खाता खाता जिम खुर्चीवरून खाली कोसळला.

"अहो जिम!" कुसुमताई अशा ओरडल्या, की शेजारच्या पॅकिंग हॉलमधली माणसं धावत आली.

श्वास नाही. नाडी नाही. कोणीतरी फोनकडे पळालं. मी छाती दाबायला बसलो. ताईंनी जिमच्या तोंडातला बिस्किटाचा लगदा बोटाने काढला आणि तोंडाला तोंड लावलं. स्पिरिट नाही, रुमाल नाही, काही नाही.

अँब्युलन्स येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. जिमला स्ट्रेचरवर घेताना अँब्युलन्सवाल्याने विचारलं, "श्वास कोणी दिला? अगदी बरोबर दिलाय."

"आमच्या कुसुमने!" सगळं कँटीन एकदम म्हणालं.

काही महिन्यांनी जिम कामावर परतला. चहाचा कप घेऊन थेट ताईंच्या टेबलाशी येऊन बसला. मग बिस्किटाचा एक तुकडा दाताने तोडला आणि उरलेलं त्यांच्यापुढे धरलं.

"घे, कुसुम. आता आपल्यात कसला परकेपणा!"

कुसुमताईंनी खुर्ची मागे सरकवली.

"सुधाकरराव, सांगा ना यांना. उष्टं आहे ते!"