सुळक्यावरचं टाकं

नको तिथं नाक खुपसायची खोड मला लहानपणापासूनच. म्हणून की काय, आमच्या निरवांगीच्या घरात तात्यांच्या टाक्यावर विश्वास ठेवणारी मी एकटीच होते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. नीरेपलीकडच्या डोंगरात एका सुळक्याच्या माथ्यावर, कातळात, टाकं आहे आणि मेंढरं घेऊन फिरताना भर उन्हाळ्यात तिथलं पाणी प्यायचो, असं ते सांगत. मेंढरं विकून ऊस लावल्याला चार वर्षं झाली होती. आता टाक्याचा विषय निघाला की घरातले म्हणत, "सोडली तात्यांनी पुडी!" तात्या उठून बाहेर जात. मला ते बघवत नसे.

चौऱ्याण्णव-पंचाण्णव साल असेल. मी बारामतीला कॉलेजात होते. उघड्या कातळावर उन्हाळ्यात पाणी राहतं कसं, हे काही डोक्यातून जाईना. सुट्टीत म्हटलं, "तात्या, दाखवाच मला."

सुळक्याला वाट अशी नव्हतीच, हातापायांनी वेंघत जायचं. तात्यांचे गुडघे धरलेले, म्हणून मी पुढं. 'लेंडी दिसली की वाट हाय' हे आमच्या घरातलं जुनं शहाणपण. शेळ्यांच्या लेंड्या बघत मी तरातरा चढले आणि वीतभर रुंदीच्या कपारीवर जाऊन अडकले. पुढं नुसता कातळ, मागं वळवेना. चांगलीच भ्याले.

खालून तात्या ओरडले, "पोरी, शेळीला चार पाय असत्यात! तोंड कातळाकडं कर. एका टायमाला एकच हात सोड."

कशीबशी उतरले. मग तेच पुढं झाले. गुडघे कुरकुरत होते, पण प्रत्येक खोबण बोटांना पाठ होती.

माथ्यावर टाकं होतं. पण काठोकाठ मातीनं भरलेलं, वर वाळकं गवत. थेंबभर पाणी नाही. मला रडूच आलं. तात्यांचा शब्द खोटा पडला, आता घरी काय सांगायचं?

तात्या मात्र खाली बसले. "दर साली जो पयला यील त्यानं गाळ काढायचा, असा नेमच व्हता. आता मेंढरं न्हायत, हितं कोण येतंय?" म्हणत हातानंच उकरू लागले. मीही बसले. कोपरभर खोल गेल्यावर माती ओली लागली.

सांजच्याला उंबऱ्यातच वडलांनी हसत विचारलं, "काय, व्हतं का पानी?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"पाणी पुढच्या साली बघा," मी म्हटलं. "यंदा आमी गाळ काढून आलोय." आणि मातीनं भरलेली दहाही नखं त्यांच्यापुढं धरली.