शांतवनमामाला आत आणायला गेलो, त्याची गोष्ट

आईने फोन ठेवला आणि कणीक तशीच टाकून बॅग भरायला घेतली. तिचा धाकटा भाऊ, शांतवनमामा, चर्चमध्ये जायचा बंद झाला होता. मामा त्यांच्या गावच्या चर्चचा ढोलकीवाला. सगळ्या मंडळीसमोर उभं राहून त्याने दारू सोडली आणि पुढे पुतण्याच्या वरातीत पिऊन घोडीपुढे नाचला. तेव्हापासून उपासना सुरू झाली की तो बाहेर लिंबाखाली बसायचा. येत्या रविवारी चर्चमध्ये नवं पीक अर्पण करायचा हंगामाचा सण होता. "त्याला आत घालूनच येते," आई म्हणाली. तिला आवरायला कोणीतरी हवं, म्हणून मी रजा टाकली.

पुण्याहून जालना गाठलं. तिथल्या मस्तगड भागात गरम पोहे खाल्ले, तिखट तर्रीने डोळे उघडले. तिथून अंबडमार्गे तीर्थपुरीची एसटी मिळते. वेळापत्रकावर फार विसंबू नका, खिडकी मात्र सोडू नका. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस दिसतो. पुढे शेअर रिक्षा, भाडं आधीच ठरवा. आमच्या रिक्षात एक बकरी होती. आई तिलाही मामाची हकीकत सांगणार, तेवढ्यात गाव आलं.

मामीने भाकरी, पिठलं, ठेचा वाढला. आई जेवताना मामाला झापत राहिली. तो प्रत्येक शब्द मान्य करत गेला, त्यामुळे तिचीच पंचाईत झाली.

"आक्का, मी न्हाई येत आत," शेवटी तो एवढंच म्हणाला.

रविवारी चर्चमध्ये मक्याची कणसं, भोपळे, कापसाची बोंडं मांडली होती. कोणीतरी कोंबडा अर्पण केला होता. तो प्रत्येक प्रार्थनेत आरवायचा. मामा लिंबाखालीच.

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा घास घ्यायची, वेळ झाली. म्हातारे पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन खाली उतरले आणि आमच्याकडे न वळता सरळ दाराबाहेर गेले. आम्ही सगळे माना वळवून बघत राहिलो. मामा गडबडून उभा राहिला.

"कबूल केल्तं, मंग पुन्हा प्यालो," तो म्हणाला. "कोणत्या तोंडानं घेऊ?"

"चांगल्या तोंडाच्या माणसांसाठी हे ताट मांडलंच न्हाई, शांतवन. तसं असतं तर मीबी उपाशी राह्यलो असतो."

मामाने दोन्ही हात पुढे केले. घास तोंडात घेऊन तो लहान पोरासारखा रडला. आईनेही पदर डोळ्याला लावला, आणि मी बघतेय हे दिसताच नाक पुसल्याचं सोंग केलं.

मग मामा आत आला, ढोलकी घेतली आणि असा सुटला की गाणाऱ्या बायका कडवंभर मागे पडल्या.

पुण्यात परतल्यावर महिनाभर आई खुशीत होती. मग मामीचा फोन आला: मामा पुन्हा पिऊन आल्ता. आई खुर्चीत बसली. रविवारी काय केलं त्याने, तिने विचारलं. मामी म्हणाली, डोकं धरून, पण आतच बसला होता. पहिल्या बाकावर.

आईने फोन ठेवला. मग म्हणाली, "चहा टाक. जिंकला माझा भाऊ."